शिल्लक शून्य झाल्यावर : अमेरिकेतला वाढीव बेकारभत्ता कोणाला लागू होतो

२००९ साली आणि पुन्हा २०२० साली न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात लेऑफ झालेल्या मराठी मंडळींसोबत बसून बेकारभत्त्याचे अर्ज भरताना एकच प्रश्न सगळ्यांत जास्त ऐकला : "२६ आठवडे संपत आले, अजून नोकरी नाही. पुढचे आठवडे मिळतील ना?" बहुतेक राज्यांत नेहमीचा भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो. विचारणाऱ्याची समजूत अशी असते, की गरज आहे आणि नोकरी शोधतोय एवढं दाखवलं की मुदत वाढेल. तसं होत नाही. वाढीव भत्ता आधी राज्याला लागू व्हावा लागतो. तो झाला की मग तुमचा क्लेम त्यात बसतो का, हे पाहिलं जातं. या दोन पायऱ्या स्वतंत्र आहेत, आणि बातम्यांमध्ये फक्त पहिलीच सांगितली जाते.

पहिली पायरी समजून घेऊ. 'एक्स्टेंडेड बेनिफिट्स' ही योजना १९७० च्या केंद्रीय कायद्याने आली. ती मंदी नसताना झोपलेली असते आणि राज्यातली बेकारी ठरावीक आकड्याला पोचली की आपोआप जागी होते. त्यासाठी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, नवा कायदा करावा लागत नाही. खर्च निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. २००९ मध्ये आणि मार्च २०२० मध्ये काँग्रेसने हा खर्च तात्पुरता १०० टक्के केंद्रावर घेतला.

आकडा कुठला? प्रत्येक राज्याला बंधनकारक असलेलं माप विमाधारक बेकारीच्या दराचं आहे : नेहमीचा भत्ता घेणारे लोक आणि बेकारी विम्याखाली येणाऱ्या नोकऱ्या यांचं प्रमाण. गेल्या १३ आठवड्यांची सरासरी ५ टक्के किंवा जास्त हवी, शिवाय मागच्या दोन वर्षांतल्या त्याच १३ आठवड्यांच्या सरासरीच्या ती निदान १२० टक्के हवी. समजा आज दर ५.४ आहे आणि मागची दोन वर्षं तो ४.८ आणि ४.६ होता. सरासरी ४.७, तिचे १२० टक्के म्हणजे ५.६४. दर पाचाच्या वर असूनही राज्य पात्र ठरत नाही. दर ६ च्या वर गेला तर मागची तुलना सोडून द्यायची, असा पर्याय राज्याला घेता येतो. सगळी राज्यं तो घेत नाहीत.

या मापातली खोच अशी, की २६ आठवडे संपलेला माणूस या दरातून बाहेर पडतो. त्याची बेकारी संपलेली नसते, फक्त नेहमीचा भत्ता संपलेला असतो. म्हणजे मंदी लांबली, लोकांचे हप्ते संपत गेले, की हा दर खाली येतो आणि ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांची संख्या वाढत असतानाच ती बंद पडू शकते. १९८१ पर्यंत वाढीव भत्ता घेणारेही या दरात मोजले जात. त्या वर्षीच्या कायद्याने ते वगळले, किमान दर ४ वरून ५ वर नेला आणि संपूर्ण देशासाठी एकदम योजना सुरू करणारं राष्ट्रीय मापही काढून टाकलं. त्यानंतर ही योजना फार कमी वेळा कामाला आली, याचं मुख्य कारण आमच्या मते हेच.

त्यावर उतारा म्हणून १९९२ च्या कायद्याने राज्यांना दुसरा पर्याय दिला : एकूण बेकारीचा दर, म्हणजे बातम्यांत येतो तो. ऋतुमानाचा परिणाम वगळून काढलेली तीन महिन्यांची सरासरी ६.५ टक्के हवी, आणि मागच्या दोन वर्षांपैकी कुठल्याही एका वर्षाच्या त्याच तिमाहीच्या ११० टक्के हवी. आज ७, गेल्या वर्षी ६.६, त्याआधी ६.२ असा दर असेल, तर गेल्या वर्षीच्या तुलनेत (७.२६) जमत नाही, पण त्याआधीच्या तुलनेत (६.८२) जमतं, राज्य आत येतं. दर ८ च्या वर गेला आणि ११० टक्क्यांची अट जुळली, की 'अतिबेकारीचा काळ' लागतो आणि जास्त आठवडे मिळतात. न्यू जर्सी, कनेटिकट, वॉशिंग्टन, ओरेगन यांच्या कायद्यात हा पर्याय कायमचा आहे. बऱ्याच राज्यांनी तो केंद्र पूर्ण खर्च उचलतं तेवढ्या काळापुरताच घेतला. म्हणून एकाच मंदीत, शेजारशेजारच्या राज्यांत, सारख्याच परिस्थितीतल्या दोन माणसांना वेगवेगळी उत्तरं मिळतात.

तुलनेची ही अट किती घातक आहे ते २०१० च्या अखेरीस दिसलं. बेकारी ९ च्या घरात होती, पण दीड वर्षाहून जास्त काळ तिथेच होती. वाढत नाही म्हणून राज्यं बाहेर पडायला लागली असती. काँग्रेसने डिसेंबर २०१० मध्ये तात्पुरतं तीन वर्षं मागे बघायची मुभा दिली तेव्हा राज्यं तगली, आणि २०१२ च्या सुरुवातीला ती तीन वर्षांची तुलनाही अपुरी पडली तशी एकेक राज्य बाहेर गेलं.

राज्य 'चालू' की 'बंद' हे केंद्रीय कामगार खात्याच्या साप्ताहिक सूचनापत्रात छापलं जातं. आकडा जुळल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून भत्ता सुरू होतो. एकदा सुरू झाला की निदान १३ आठवडे चालतो. एकदा बंद झाला की निदान १३ आठवडे पुन्हा सुरू होत नाही. आपल्या राज्याचं नाव कुठल्या बाजूला आहे हे त्या पत्रात स्वतः पाहा. "न्यूयॉर्कमध्ये मिळतंय" याचा न्यू जर्सीतल्या माणसाला काही उपयोग नाही.

आता दुसरी पायरी. इथे सर्वांत आधी पाहिलं जातं, की तुमचा नेहमीचा भत्ता खरोखर संपला आहे का. संपण्याचे मार्ग दोन. एक, 'बेनिफिट इयर'मधली सगळी रक्कम घेऊन झाली. दोन, रक्कम शिल्लक होती पण वर्ष संपलं, आणि नवा क्लेम उघडायला पुरेशी कमाई नाही. बेनिफिट इयर म्हणजे क्लेम उघडल्याच्या आठवड्यापासूनचे ५२ आठवडे. जानेवारी ते डिसेंबर नव्हे. शिवाय दुसऱ्या कुठल्याही राज्यात, केंद्रीय योजनेत किंवा अगदी कॅनडाच्या कायद्याखालीही तुमचा भत्त्याचा हक्क शिल्लक असता कामा नये. दोन राज्यांत नोकरी केलेल्यांचं घोडं इथे अडतं : पेनसिल्व्हेनियात मागच्या वर्षी केलेल्या कामावर तिथे क्लेम उघडता येत असेल, तर न्यू जर्सी आधी तिकडे पाठवते.

मग येतो तो मुद्दा, जो पत्रात एका ओळीत असतो आणि लोकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या बेनिफिट इयरमधला निदान एक आठवडा राज्याच्या 'चालू' काळात पडला पाहिजे. वर्ष 'चालू' काळात संपलं तर त्यापुढचे 'चालू' आठवडेही मिळतात. पण तुमचं वर्ष ३० एप्रिलला संपलं आणि राज्य १० मेपासून चालू झालं, तर काहीच मिळत नाही, मग तुम्ही कितीही दिवस बेकार असा. मंदीच्या अगदी सुरुवातीला, इतरांच्या आधी नोकरी गेलेली माणसं अशी बाहेर राहतात. याला अपिलात सहसा इलाज नाही, कारण अट कायद्यातच आहे.

त्यानंतर कामाच्या इतिहासाची अट. नेहमीच्या भत्त्यासाठी तुमच्या राज्याने जे मागितलं असेल ते असो. वाढीवसाठी आधारवर्षात, म्हणजे साधारणपणे शेवटच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चारांत, २० आठवडे पूर्णवेळ विमाधारक काम किंवा त्याच्या तोडीची कमाई लागते. तोडीची म्हणजे साप्ताहिक भत्त्याच्या ४० पट, किंवा सर्वाधिक कमाईच्या तिमाहीच्या दीडपट. यांपैकी कुठलं माप वापरायचं ते राज्य ठरवतं. साप्ताहिक भत्ता ५०० डॉलर असेल तर ४० पट म्हणजे २०,००० डॉलर. सर्वांत मोठी तिमाही १५,००० ची असेल तर दीडपट २२,५००. क्लेम उघडताना जे 'मॉनेटरी डिटर्मिनेशन'चं पत्र आलं होतं, त्यावर प्रत्येक तिमाहीची कमाई छापलेली असते. ते पत्र काढून हा हिशेब आधीच करावा. एखाद्या तिमाहीत मालकाने कमाई कळवलेली नसेल, तर पगाराच्या स्लिपा आणि डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा फॉर्म) जोडून दुरुस्ती मागायची ती वेळ आत्ताच; शिल्लक संपल्यावर नव्हे. कॉन्ट्रॅक्टवर १०९९ (नोकर नसलेल्याला दिलेल्या पैशांचा फॉर्म) घेऊन केलेलं काम यात मोजलंच जात नाही. मालकाने १०९९ देऊन प्रत्यक्षात नोकरासारखं राबवलं असेल, तर ते काम नोकरी म्हणून धरावं अशी चौकशी राज्याकडे मागता येते. तिला वेळ लागतो, म्हणून तीही लवकर.

अर्धवेळ काम करणाऱ्यांना आणखी एक पेच पडतो, आणि तो फार अन्यायाचा आहे. समजा भत्ता ६०० डॉलर होता. वर्षभरात कोणी ट्यूशन घेतल्या, कोणी दुकानात आठवड्याचे १५ तास काम केलं. नवं वर्ष उघडताना संगणक बघतो, की या कमाईवर नवा क्लेम होऊ शकतो : आठवड्याला १५० डॉलरचा. नवा क्लेम होतो म्हणजे तुमचा हक्क संपलेला नाही, म्हणजे वाढीव नाही, घ्या १५०. ज्याने काहीच काम केलं नाही त्याला ६०० चालू राहतात, ज्याने हातपाय हलवले त्याला १५०. काँग्रेसने जुलै २०१० मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२० मध्ये यावर सूट दिली, पण ती त्या त्या वेळच्या तात्पुरत्या आणीबाणी योजनांपुरती. १९७० च्या कायमच्या योजनेत ही सूट नाही. म्हणून बेनिफिट इयरच्या शेवटी अर्धवेळ काम घेताना नव्या क्लेमची किमान कमाई किती हे पाहून ठेवावं. काम सोडा असा याचा अर्थ नाही. स्वतःहून काम सोडलंत तर उलट अपात्र ठराल. फक्त पुढच्या महिन्यांत हातात किती येणार, हे आधी माहीत असावं.

किती आठवडे? साप्ताहिक रक्कम तीच राहते. एकूण रक्कम मात्र तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान : नेहमीच्या एकूण भत्त्याच्या निम्मी, किंवा साप्ताहिक भत्त्याच्या १३ पट, किंवा ३९ पटीतून आधी घेतलेली रक्कम वजा. ५०० डॉलरने २६ आठवडे, म्हणजे १३,००० घेतले असतील तर वाढीव ६,५००, म्हणजे १३ आठवडे. अतिबेकारीच्या काळात हेच आकडे ८० टक्के, २० पट आणि ४६ पट होतात; वरच्या उदाहरणात १०,००० डॉलर, २० आठवडे. पण अतिबेकारीचा काळ नसेल, तर ज्याला मुळातच २० आठवडे मिळाले होते त्याला वाढीव १०च. फ्लोरिडा किंवा नॉर्थ कॅरोलायनात नेहमीचा भत्ता १२ आठवड्यांचा असेल, तेव्हा वाढीव फक्त ६. टीव्हीवर ऐकलेले '१३ आठवडे' ही कमाल मर्यादा असते, हे क्लेमवाल्याला घरखर्च ठरवण्याआधी सांगावंच लागतं.

हे सगळं आपोआप होतं का? पात्र ठरू शकणाऱ्यांना राज्याने कळवायचं असतं. पत्र जुन्या पत्त्यावर जातं, किंवा पोर्टलमधल्या संदेशात पडून राहतं. काही राज्यांत वेगळा अर्ज करावा लागतो, काहींत फक्त साप्ताहिक सर्टिफिकेशन (या आठवड्यात बेकार होतो, कामाला उपलब्ध होतो असं कळवणं) चालू ठेवलं की पुरतं. म्हणून शिल्लक शून्य दिसू लागली तरी, पोर्टल घेत असेल तोवर, दर आठवड्याचं सर्टिफिकेशन सोडू नका. थांबवलेला क्लेम पुन्हा उघडताना मधले आठवडे परत मिळवायला कारणं द्यावी लागतात, आणि 'मला वाटलं संपलं' हे कारण सहसा चालत नाही.

वाढीव काळात नोकरी शोधण्याचे नियम कडक होतात. आठवडाभर सलग आणि पद्धतशीर प्रयत्न दिसले पाहिजेत, आणि त्याचा पुरावा लागतो. एक साधी वही किंवा शीट ठेवा : तारीख, कंपनी, पद, अर्ज कसा केला, कोणाशी बोलणं झालं, उत्तर काय आलं, आणि अर्ज पोचल्याच्या ईमेलची प्रत. रविवारी रात्री एका बैठकीत केलेले तीन अर्ज 'सलग प्रयत्न' म्हणून टिकतीलच असं नाही.

त्याहून मोठा बदल म्हणजे 'योग्य काम' कशाला म्हणायचं. नेहमीच्या भत्त्यात तुमचा अनुभव, पूर्वीचा पगार पाहिला जातो. वाढीवच्या सुरुवातीला कार्यालय ठरवतं, की तुमच्या क्षेत्रात लवकर काम मिळण्याची शक्यता चांगली आहे की नाही. 'चांगली नाही' असा शेरा पडला, की तुम्हाला झेपेल असं कुठलंही काम योग्य. फक्त कर कापण्याआधीचा आठवड्याचा पगार साप्ताहिक भत्त्याहून जास्त आणि किमान वेतनाहून कमी नसलेला हवा, आणि काम लेखी देऊ केलेलं किंवा राज्याच्या रोजगार सेवेत नोंदलेलं हवं. ७०० डॉलर भत्ता असलेल्या टेस्टरला गोदामात ताशी १८ डॉलरने ४० तास, म्हणजे ७२० डॉलर, असं लेखी बोलावणं आलं तर ते नाकारता येत नाही. नाकारलं, किंवा शोधाचा पुरावा देता आला नाही, तर भत्ता बंद. पुन्हा सुरू व्हायला निदान चार आठवडे काम आणि भत्त्याच्या चौपट कमाई लागते. इथे ती २,८००. म्हणून हा शेरा पत्रात कुठला आहे ते पहिल्या दिवशी वाचा, आणि चुकीचा वाटला तर लगेच हरकत घ्या.

अर्धवेळ कमाई ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात, कर कापण्याआधीची, लिहायची. चेक कधी आला त्याला महत्त्व नाही. न्यू जर्सीत भत्त्याच्या १२० टक्क्यांतून ती वजा होते : ५०० चा भत्ता आणि २०० ची कमाई असेल तर ६०० वजा २०० बरोबर ४००.

आपल्या लोकांना सर्वांत जास्त नडतो तो व्हिसा. भत्त्यासाठी त्या आठवड्यात काम करायला तुम्ही कायद्याने मोकळे असावे लागता. एच-१बीची परवानगी त्या मालकाशी बांधलेली असते. नोकरी सुटली की ६० दिवसांपर्यंत देशात राहता येतं, पण कुठल्याही मालकाकडे तडक काम करता येत नाही. म्हणून या लोकांना बहुतेक वेळा नेहमीचाच भत्ता नाकारला जातो; वाढीवचा प्रश्नच येत नाही, पगारातून विम्याचे पैसे कापले गेले असले तरी. ग्रीन कार्ड असलेले, आणि मुदतीतलं वर्क परमिट असलेले जोडीदार किंवा ग्रीन कार्डचे अर्जदार, अर्ज करू शकतात. परमिटची मुदत संपली तर ते आठवडे जातात, म्हणून नूतनीकरण वेळेत करा. भत्ता घेतला तर पुढे ग्रीन कार्ड अडेल या भीतीने कोणी अर्ज टाळू नये. हा कमावलेला विमा आहे, सरकारी आधारावर जगणाऱ्यांच्या मोजणीत तो धरला जात नाही.

दुसरी गोष्ट भारतात जाण्याची. आईच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे पुण्याला गेलात, तर ते आठवडे 'कामाला उपलब्ध नाही' असेच लिहायचे. पुण्यातून लॉग इन करून 'उपलब्ध' म्हटलं की क्लेम अडकतो, पुढे वसुली आणि खोट्या माहितीचा दंड. परत आल्यावर क्लेम पुन्हा सुरू करता येतो, शिल्लक तशीच असते. मात्र त्या काळात राज्य 'बंद' झालं तर उरलेली रक्कम बुडते.

दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तर तिथून मूळ राज्याचा नेहमीचा भत्ता चालतो, वाढीव मात्र नवं राज्यही 'चालू' असेल तरच. नाहीतर फक्त दोन आठवडे. भाडं परवडत नाही म्हणून भावाकडे टेक्ससला जायचं ठरवण्याआधी त्या सूचनापत्रात टेक्सस पाहा.

मोठ्या मंदीत काँग्रेस वेगळी योजनाही आणते, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. २००८ ते २०१३ च्या आणीबाणी योजनेचे चार टप्पे एकत्र ५३ आठवड्यांचे होते. २६ आणि वाढीव २० मिळवून ९९ झाले. २०२० मध्ये अशीच योजना १३ आठवड्यांची आली, डिसेंबरात २४ आणि मार्च २०२१ मध्ये ५३ झाली आणि ६ सप्टेंबर २०२१ ला संपली. उबर चालवणारे, स्वतःचा धंदा असणारे यांना त्या वेळी स्वतंत्र योजना होती. कायमच्या वाढीव भत्त्यात त्यांना जागा नाही. साधारणपणे काँग्रेसची योजना आधी, वाढीव नंतर असा क्रम होता, पण तो प्रत्येक कायद्यात बदलतो.

राज्य 'बंद' झालं की सगळ्यांचा वाढीव भत्ता एकाच दिवशी थांबतो. १३ पैकी ४ आठवडेच घेतलेला आणि १२ घेतलेला, दोघांचाही. त्यामुळे सूचनापत्रावर दर आठवड्याला नजर ठेवणं आणि हक्काचे आठवडे रेंगाळू न देणं एवढंच हातात असतं. भत्त्यावर केंद्रीय आयकर लागतो. डब्ल्यू-४व्ही भरून १० टक्के आधीच कापून घेता येतात. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया राज्यकर लावत नाहीत.

नकाराचं पत्र आलं तर त्यावरची कलमं वाचा : कमाई कमी, हक्क शिल्लक, वर्ष आधीच संपलं, की कामाचा शोध अपुरा. पहिल्या दोन कारणांत चूक नोंदींची असू शकते, आणि तिथे स्लिपा दाखवून निकाल फिरतो. अपिलाची मुदत राज्यागणिक वेगळी, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये ३० दिवस, बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी. ती पत्राच्या तारखेपासून धरून चला. सुनावणी बहुधा फोनवर होते. ती होईपर्यंत दर आठवड्याचं सर्टिफिकेशन आणि शोधाची वही चालूच ठेवायची, कारण निकाल बाजूने लागला तरी पैसे फक्त सर्टिफाय केलेल्या आठवड्यांचेच मिळतात.